लाभ म्हणून मोजलेली पायली

आबा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, आणि आता आपल्या उमरग्याच्या बाजारातल्या मोडक्यातोडक्याला मान आलाय. निजामाचं राज्य गेलं तसं शाळेच्या मास्तरांनी वाचनालयात एक फळी मोकळी केली. बाजाराच्या जुन्या खुणा तिथं ठेवायच्या म्हणे. गोळा करायला मलाच धरलं, कारण मी मापाड्याची लेक, आणि कुणाच्या घरात शिरायला मला लाज न्हाय. हमालांचे उर्दू शिक्क्याचे बिल्ले आणले, दवंडीवाल्याची हलगी आणली. मास्तरांचं रोज एकच, "बाई, आबांची पायली कधी आणताय?"

ती लाकडी पायली, धरायला लोखंडी कडं असलेली, डोळ्यापुढं हाय. मी दहा वर्षांची, तुमची भाकर घेऊन आलेय. ज्वारीच्या ढिगापाशी तुम्ही उकिडवे बसलाय, पहिल्या मापाला एक न म्हणता "लाभ" म्हणताय. मला घाई. भरल्या पायलीवर चढलेली दाण्यांची शीग मी हातानं सपाट केली, "उचला की आता!" तुम्ही सगळी पायली ढिगात ओतलीत. ज्वारी घ्यायला आलेली म्हातारी म्हणाली, "राहू द्या की मापाडी, मूठभरानं मी काय मरतेय?" तुम्ही म्हणालात, "तू न्हाय मरणार, माझं नाव मरंल." आणि पुन्हा लाभ म्हणून शिगोशीग भरलीत. माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाय.

तुमच्या माघारी ती पायली मी चुलीत घातली. माझी थोरली लेक बाळंत होत होती, बाहेर चार दिवसांची पावसाची झड, वाळकं लाकूड एक न्हाय. कोपऱ्यात पायली दिसली, घातली. रडलेबिडले न्हाय. पाणी तापलं, नात झाली.

मग आता मास्तरांना काय देऊ? पेठेतल्या एका घरी तसलीच पायली निघाली. घरातली बाई म्हणाली, "ने गं अक्का, उंदरं पिल्लं घालायलेत त्यात." फळीवर ठेवली तर मास्तर गहिवरले, "आबांचीच ना?" मी म्हणाले, "दिसत न्हाय का?" त्यांनी तुमच्या नावाची चिठ्ठी डकवली. मागल्या बाजाराच्या दिवशी एका म्हाताऱ्यानं तिला हात लावला, "लाभ" म्हणाला, डोळे पुसले. मी त्याच पावली घरी आले.

तुमच्या पायलीचं लोखंडी कडं राखेतनं काढून ठेवलंय मी. मास्तरांपुढं टाकलं की खरं काय ते कळंल, झालं. हा कागद गुंडाळून त्याच कड्यात सारतेय. आठ दिवस झाले, वाचनालयाच्या पायरीपर्यंत जाते आणि माघारी येते. आणि मला लोक घाईची म्हणतात, आबा.