कणसाला केस असतात

सेक्शन के, बोत्शाबेलो
जानेवारीची अठरा तारीख

माझी थोरली बहीण अउसी पुलेंग हिला,

धाकट्या मोइपोनेचा गुडघे टेकून नमस्कार. आम्ही इथे जगतो आहोत. तुम्ही तिकडे लेडीब्रँडला कसे जगता आहात? तुझे गुडघे, तुझी लाल गाय आणि शेजारणीशी चाललेलं कुंपणाचं भांडण सुखरूप असेल अशी आशा आहे (भांडणाची जास्त, कारण ते मिटलं तर तू माझ्याशी उकरून काढशील). नवरोबा मोलेफी बरा आहे, कोंबड्या बऱ्या आहेत, छप्पर एका कोपऱ्यात गळतं पण त्याच कोपऱ्यात मोलेफीची खुर्ची असल्यामुळे माझी काही तक्रार नाही. फोन हाताशी असताना ही बाई पत्र का लिहिते, असं तू म्हणशील. तर अउसी, गेल्या महिन्यात मी तुला चार वेळा फोन केला, चारही वेळा मी 'साखर' हा शब्द उच्चारला, आणि चारही वेळा तुझ्याकडची रेंज गेली. पत्राची रेंज जात नाही. शिवाय हे मी टॅक्सीवाल्या फालोकाकांच्या हाती पाठवते आहे आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचून होईतो तुझ्यासमोरून हलायचं नाही असं त्यांना बजावलंय. (ते हलणार नाहीत. तुझ्याकडचं आल्याचं पेय त्यांना आवडतं.)

आता सगळं पहिल्यापासून सांगते, कारण तुला अर्धंच माहीत आहे आणि त्या अर्ध्यातलंही अर्धं तूच पसरवलेलं आहेस. गेल्या मार्चमध्ये दवाखान्यातल्या सिस्टरने माझं बोट टोचलं. जिथे सात आकडा यायला हवा तिथे यंत्राने एकोणीस दाखवला. सिस्टरने गोळ्या दिल्या आणि माझ्या ताटातून मक्याची उकड, पाव, बटाटा, उकडलेले पावाचे गोळे आणि चहातली चार चमचे साखर काढून घेतली. मी विचारलं, मग ताटात उरलं काय? ती म्हणाली, "आई, कडेला जी भाजी ठेवता ना, ती मधे घ्या." मी घाबरले होते, म्हणून ऐकलं. आपल्या आईचा पाय आधी अंगठ्यापासून, मग घोट्यापासून आणि मग गुडघ्यापासून कसा गेला, हे तुला सांगायला नको. आंघोळीच्या वेळी तिला तू एका बाजूने धरायचीस आणि मी दुसऱ्या बाजूने.

तर मी पालेभाजी खाल्ली, अंडी खाल्ली, वजडी खाल्ली, कोंबडीचे पाय खाल्ले. एकदा फ्लॉवर किसून, शिजवून, घोटून त्याची उकडही करून पाहिली आणि काही न बोलता मोलेफीपुढे ठेवली. त्या माणसाने पहिला घास घेतला, माझ्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "आपल्याकडे कुणी गेलं का?" (तेव्हापासून त्याची उकड वेगळ्या भांड्यात होते, आणि तो मला पाठ करून खातो, ते प्रेमापोटी.) पण अउसी, चार महिन्यांत आकडा एकोणीसवरून सातावर आला. स्कर्ट मला विचारल्याशिवाय खाली उतरायला लागला. तळपायाच्या मुंग्या गेल्या. चर्चच्या महिला संघात मला लोक विचारायला लागले की बाई, करतेस काय, आणि मी नाक वर करून हिंडायला लागले. नाक वर केलं की कपाळ दिसतं, आणि तिथेच घात झाला.

ऑगस्टमध्ये केस गेले. मागचे नव्हेत, पुढचेच, कपाळावरचे आणि दोन्ही कानांवरचे. महिनाअखेरीस तू नेहमीसारखी आलीस, स्वयंपाकघरात ठाण मांडलंस, नारिंगी सोड्याची दोन लिटरची बाटली पायाशी ठेवलीस (जेवणाच्या आत ती संपली होती, हे मी तेव्हाच पाहिलं), माझं डोकं मांड्यांमध्ये पकडलंस आणि वेण्या घालता घालता निकाल दिलास. तुझे शब्द मला पाठ आहेत. "मोइपोने, केस उपाशी आहेत तुझे. मका खाल्ला नाही तर केस येतील कुठून? कणसाकडे बघ. कणसाला केस असतात. फ्लॉवरला पाहिलेस कधी?"

आता हे वाचताना हसू नकोस. त्या वेळी मला ते सुवार्तेसारखं पटलं. आपण मक्याची माणसं. कणसाचे केस लहानपणी आपणच ओढून बाहुल्यांना लावायचो. मी रात्रभर (खोटं कशाला बोलू, वीसेक मिनिटं) विचार केला आणि सकाळी पातेल्यात मक्याचं पीठ वैरलं. मोलेफीला एवढा आनंद झाला की त्याने भांडी घासली. आणि मी खाल्लं, अउसी. केसांसाठी खाल्लं. एक घास कपाळाच्या नावाने, एक उजव्या कानाच्या, एक डाव्या. केसांना मात्र मका पोचेना. जेवढं मी खात होते तेवढे ते जात होते, आणि महिनाअखेरीस तू यायचीस आणि टक्कल झाकायला उरलेले केस आणखी करकचून ओढायचीस, इतके की तीन दिवस मला झोपताना डोळे मिटता येत नसत. प्रवचनात मी टक्क डोळे उघडे ठेवून बसायचे, आणि आमचे मोरुती, म्हणजे पाद्रीबाबा, मला सगळ्यात भाविक बाई समजायला लागले.

त्यातच ती चपलेची गोष्ट घडली. कुणालाच सांगितलेली नाही, तुला सांगते. एका गुरुवारी संघाच्या सभेहून मी घरी चालत आले. फाटकाशी मोलेफी म्हणाला, "अगं, एका पायात चप्पल नाही तुझ्या." मी खाली पाहिलं. खरंच नव्हती. कुठे निसटली, केव्हा निसटली, मला पत्ताच नव्हता. तेवढ्या खडीच्या रस्त्यावरून मी अनवाणी आले होते, तळपायातून रक्त येत होतं, आणि पायाने मला कळवलं नव्हतं. मी हसले, म्हटलं, म्हातारी झाले रे. मग न्हाणीत जाऊन दार लावून रडले. आईचंही असंच सुरू झालं होतं. आणि एवढं कळूनही, अउसी, दुसऱ्या दिवशी मी पुन्हा उकड खाल्ली. पाय अजून होता गं. केस जात होते. माणूस जे आरशात दिसतं त्याचीच काळजी आधी करतं.

मग ऑक्टोबरात आत्या गेली. एक्याण्णव वर्षांची, जेवून उठून, कुणाला त्रास न देता. तिच्यासाठी मी रडले, पण निम्मं रडणं माझ्या डोक्यासाठी होतं हे आता कबूल करते. दफनानंतर घरच्या सगळ्यांची डोकी भादरतात हे काय मला ठाऊक नव्हतं? अंगणात मोसिवामामा वस्तरा घेऊन बसले, आणि मी कोंबड्यांच्या खुराड्यामागे. मामांनी हाक मारली. मी म्हटलं मला सर्दी आहे. मामा म्हणाले, "आत्या मेली ती तुझी सर्दी बघून थांबली होती का? ये, बस इथे." आत्याच्या लेकीने, मालेराटोने, माझा रुमाल ओढून काढला, आणि माझं कपाळ सगळ्या गावाला दिसलं.

सगळ्या बायका आपापले रुमाल नीट करायला लागल्या. मला वाटलं, दुःखाचं घर आहे म्हणून. मग माझी पाळी झाली आणि मी बाकावर बसून इतरांची पाहू लागले. मालेराटोचा रुमाल निघाला: कपाळावर चार बोटं मोकळी. तिच्या सुनेचा निघाला: कानांवर मोकळं. शेजारच्या बाकावर चुलतबहिणी, दोघींचं तसंच, अगदी आखून दिल्यासारखं. आणि यांतल्या एकीनेही फ्लॉवरला आयुष्यात हात लावलेला नाही! मालेराटो तर त्याच सकाळी पावाचे तीन उकडलेले गोळे खाऊन आली होती. ती म्हणाली, हे नव्या टाकीच्या पाण्याने होतंय. सून म्हणाली, साबणाने. आणि शेवटी तू आलीस. तुझा रुमाल निघाला आणि मामांचा वस्तरा अडकला. भुवयांपासून मानेपर्यंत गच्च, काळेभोर केस. सगळ्या म्हणाल्या, पुलेंगला आजीचे केस मिळाले हो! मी मनात म्हटलं, आजीचे कसले. ही सगळ्यांच्या वेण्या घालते, हिच्या घालणारं कुणी नाही.

तेव्हा माझ्या छातीवरचा दगड उतरला. आत्याच्या अंगणात, ताज्या मातीजवळ, मला हसू आवरेना. तोंडावर रुमाल धरला, आणि लोक म्हणाले, मोइपोनेचा फार जीव होता हो तिच्यावर. भाजीने माझे केस नेले नव्हते. तू नेले होतेस, अउसी, तुझ्या या दोन प्रेमळ हातांनी. मी सोमवारी दवाखान्यात गेले. सिस्टरनेही डोक्यावरून हात फिरवून तेच सांगितलं: वेण्या ओढून ओढून घालवलेत, आता सैल ठेवा, येतील. आणि बोट टोचलं: अठरा. मी घरी येऊन पिठाचं पोतं मोलेफीच्या खोलीत ढकललं आणि किसणी काढली.

आता ऐक. आकडा सातावर आला आहे. केस दोन बोटं वाढलेत, पुढूनसुद्धा. मोलेफी येता जाता त्यांवर हात फिरवतो आणि म्हणतो, कोकरू. आणि काल बाजारातून येताना चपलेत खडा गेला आणि टोचला. अउसी, टोचला! मी रस्त्याच्या मधोमध थांबून देवाचे आभार मानले. तो खडा मी घरी आणला आहे, खिडकीत ठेवला आहे.

तुझ्या लाल गाईला भरपूर गवत मिळो.

तुझी धाकटी,
मोइपोने

ता. क. रागावू नकोस. या महिनाअखेरीस वेण्या घालायला ये. मी दुसऱ्या कुणाच्या मांड्यांमध्ये डोकं देणार नाही. फक्त मला पापणी मिटता आली पाहिजे.

ता. क. दुसरा. आत्याच्या दफनात प्रवचन चालू असताना तू तीन वेळा उठून मागच्या संडासाकडे गेलीस. मी मोजलं. एवढी तहान आणि एवढ्या फेऱ्या आपण दोघींनी आधी एकाच बाईच्या पाहिल्या आहेत, आणि तिला आपण दोन्ही बाजूंनी धरत होतो. मला धरायला तू आहेस. तुला धरायला मी एकटी आहे, आणि माझी कंबर आता पूर्वीसारखी नाही.

ता. क. तिसरा. टाकीचं पाणी आणि साबण यांना मालेराटो आणि मंडळी अजून शिव्या देताहेत. मी कुणालाच काही बोललेले नाही. येत्या गुरुवारी सकाळी सात वाजता मी आमच्या दवाखान्याच्या फाटकाशी उभी असेन. फालोकाका तुला आणतील, त्यांना सांगितलं आहे. उपाशीपोटी ये, सोडाही पिऊ नकोस. तू आलीस तर वेण्या सैल घालायचं तू स्वतःच सगळ्यांना सांग, मी शब्द काढणार नाही. नाही आलीस, तर गुरुवारीच दुपारी महिला संघाची सभा आहे, आणि पहिलं भाषण माझं आहे.