मधला तोच मोठा

३ मार्च, सकाळी
आजपासून नातीला गणित मी शिकवणार. बारा तारखेला तिची टेक्निकलची प्रवेश परीक्षा. क्लास नको, असं मुलाला ठणकावून सांगितलं. चाळीस वर्षं कारखान्यात लेथ चालवला, कातून दिलेला एकही जॉब परत आला नाही. एक आला होता, पण लोखंडच हलकं होतं.

४ मार्च
(१ + क्ष) चा चौथा घात उलगडून दाखवला. सहगुणक १, ४, ६, ४, १. सगळ्यांत मोठा कोणता? मधला. नियम दिला: डोळे मिटून मधला उचलायचा. आम्हा तीन भावांत मी मधला. थोरल्याला मान, धाकट्याला लाड, मला पिशव्या. शेवटी गणितानं न्याय केला. पोरीनं नियम लाल शाईनं लिहून घेतला.

६ मार्च, दुपारी
सहज कॅलेंडरच्या पाठीवर (१ + २क्ष) चा चौथा घात मांडला. १, ८, २४, ३२, १६. मोठा ३२. मधला नव्हे, त्याच्या शेजारचा. चष्मा पुसून पुन्हा केला. तेच. म्हणजे क्षच्या आधी आकडा आला की मोठा सरकतो. शेजाऱ्याशी ताडून बघावा लागतो. माझा नियम चूक नाही, अपुरा आहे. संध्याकाळी सांगतो.

६ मार्च, संध्याकाळी
ती जेवत होती. भरल्या ताटावर गणित नको.

८ मार्च
सांगायला गेलो, तर ती आईला सांगत होती की आजोबांचा नियम चार मैत्रिणींनीही उतरवून घेतला. आता पाच जणींना सांगणं आलं. उद्या.

१० मार्च
चिठ्ठी लिहून तिच्या कंपासपेटीत ठेवली. तासाभरानं काढून घेतली. ऐन वेळी पोरीचा गोंधळ नको. शिवाय पेपर काढणारे काही इतके दुष्ट नसतात.

१२ मार्च
असतात. क्षच्या आधी ३ लावला. पाचही जणींनी मधलाच उचलला.

२६ मार्च
निकाल. दोन गुणांनी प्रवेश हुकला. तो प्रश्न चार गुणांचा. मुलानं विचारलं, बाबा, तुम्ही हेच शिकवलं होतंत का? मी तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "आजोबांनी बरोबर सांगितलं होतं. मीच चुकले."
माझ्या उघडलेल्या तोंडातून निघालं काय, तर, बाळा, लक्ष देत जावं.
घास उतरला नाही. म्हणजे नंतर उतरला, पण चव नव्हती.

२७ मार्च
सप्टेंबरात पुन्हा परीक्षा आहे. मुलगा म्हणाला, या वेळी क्लास लावू. मी लगेच हो म्हणालो. ती म्हणाली, "कशाला? आजोबा आहेत ना."