पाठीला सांगितलेलं

४ फेब्रुवारी

सकाळपासून पोलंडमध्ये ट्रक मागे घेणे चालू. मागे घेताना तो टीं-टीं करतो. आवाज स्वयंपाकघरापर्यंत, तिथून भिंतीपलीकडे बिसेन वहिनींच्या देवघरापर्यंत. त्यांनी विचारलं, "ताई, गल्लीत गाडी फसली काय?" म्हटलं, गल्लीत नाही, आमच्या घरात फसली आहे, आणि ड्रायव्हर माझा नवरा आहे.

लेक मुक्ता नोकरीसाठी रायपूरला गेली तेव्हा तिचा खेळायचा कॉम्प्युटर इथे बालाघाटलाच राहिला. दिनकर रिकामे. आयुष्यभर भरवेलीच्या खाणीत वाइंडर चालवला, म्हणजे माणसांनी भरलेला पिंजरा दोरावर खाली सोडायचा आणि वर ओढायचा. आता मागच्या खोलीत बसून गेममध्ये युरोपभर ट्रक हाकतात. माझा आक्षेप ट्रकला नाही. आवाज शेवटच्या टोकाला लावलेला असतो, त्याला आहे.

कान दाखवा म्हटलं. उत्तर: "मले ऐकू येते. तूच पुटपुटतेस."

मी पुटपुटते. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शब्दाचं शेवटचं अक्षर गिळलं तर हातावर पट्टी बसायची. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत कोर्टात स्टेनो. साक्ष परत वाचून दाखवताना मागच्या बाकावरचा पेंगणारा पक्षकार जागा व्हायचा. मी पुटपुटते.

८ फेब्रुवारी, रविवार

रविवारी संध्याकाळी यांचा ताफा असतो. सगळे आपापल्या घरी, पण रस्ता एक आणि ट्रक एकामागे एक. पुढे गोंदियाचे रामटेके. हे यांचे खाणीतले जुने सहकारी, त्यांनीच हा नाद लावला. मागे कुठकुठली तरुण मंडळी. बोलणं चालू असतं, पुढचा सांगतो ब्रेक लावा, मागचे लावतात.

दिनकरनी लावला नाही. रामटेक्यांच्या मागे जाऊन आदळले, त्यांच्यावर बाकीचे. कोणीतरी म्हणालं, "यार, इस अंकल को कोई हटाओ." दारात उभ्या असलेल्या मला ते ऐकू आलं. स्पीकरसमोर बसलेल्या यांना नाही. हसत होते.

९ फेब्रुवारी

रामटेक्यांचा फोन, मुद्दाम माझ्या मोबाइलवर. "वहिनी, त्याले कान दाखवाले सांगा. पोरं म्हणून राह्यले का पुन्हा ठोकलं तर काढून टाकू. मी किती दिवस थांबवू?"

रविवार सोडला तर दिनकर आठवडाभर कोणाशी बोलत नाहीत. बाजारात हिशेबाचा गोंधळ होतो म्हणून जात नाहीत. लग्नकार्यात कोपऱ्यात बसतात आणि सगळ्यांना "हौ हौ" म्हणतात. परवा एकाने सांगितलं की आई वारली, त्यालाही हौ हौ.

१० फेब्रुवारी

जेवताना विषय काढला. घरात जेवायला बोलवायची आमची पद्धत वेगळी आहे. हाका मारून उपयोग नाही, म्हणून मी टेबलावर वाटी आपटते. खाणीतल्या घंटेची खूण, लग्नानंतर भरवेलीच्या क्वार्टरमध्ये यांनीच शिकवलेली. एक ठोका: थांब. दोन: खाली सोड, म्हणजे आमच्याकडे जेवायला या. तीन म्हणजे पिंजऱ्यात माणसं आहेत, हळू ने. तिसरी खूण घरात कधी लागली नाही.

एक ठोका दिला. घास थांबला. मोठ्याने आणि सुटं सुटं सांगितलं की गोंदियाला कानाचे डॉक्टर आहेत, तपासून यंत्र लावून देतात.

"माह्या बापाले होतं ते. लग्नात शिटी वाजवे. लोकं पाह्यत. मी नाही लावत मशीन." मग थोड्या वेळाने, "हेडफोन लावतो. चांगला आण. तुले इंग्रजी येते."

म्हणजे काम माझ्याकडे आलं.

१२ फेब्रुवारी

दिवसभर हेडसेटांबद्दल वाचलं. माइक जोडलेला असला की हेडसेट म्हणायचं. वायरचा नको, खुर्ची मागे ढकलताना हे वायर चाकाखाली घेतात.

लिहिणाऱ्या लोकांना विशेषणांचा हिवताप झालेला आहे. प्रत्येक हेडसेट "तुम्हाला युद्धभूमीवर नेतो". आम्हाला पोलंडपर्यंत गेलं तरी पुरे. काल विकत घेऊन आज मत देणारे पुष्कळ. वर्षभर वापरून लिहिणारा एखादाच, आणि तो कानाच्या गादीचं रेक्झिन सोलवटलं म्हणून रडतो. मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

मुक्ताने फोनवर एक कामाचं सांगितलं. "आई, ब्लूटूथवाला मत घेऊ. आवाज लेट येतो. कॉम्प्युटरमध्ये छोटं रिसीव्हर लावायचं असतं, तो घे." आवाज उशिरा म्हणजे ब्रेकची हाक उशिरा, म्हणजे पुन्हा रामटेक्यांच्या मागे. ब्लूटूथ बाद.

काही महागड्यांत आजूबाजूचा आवाज आत सोडायचं बटन असतं. बाहेर छोटे माइक, ते खोलीतला आवाज वाढवून कानात देतात. मी हसले. आम्हाला नेमकं उलटं हवं आहे. तो मुद्दा सोडून पुढे गेले.

१४ फेब्रुवारी

मेन रोडवरच्या दुकानात. दुकानदार: "आंटी, बेटे के लिए?"

"पति के लिए."

"कौन सा गेम खेलते हैं?"

"ट्रक."

त्याने काढलेल्या हेडसेटच्या कानांवर लाल-निळे दिवे लुकलुकत होते. मी म्हटलं, दिवे कानाला दिसत नाहीत. त्याला पटलं नाही. "बंद भी हो जाती है, आंटी." मग लावायचीच कशाला?

तरी घेतला. वजनाला हलका होता.

१७ फेब्रुवारी

परत केला. चष्म्याच्या काड्या दाबून कानामागे लाल वळ उठले. शिवाय दिवे बंद होईनात. अंधारलेल्या खोलीत हे पोलिसांच्या जीपसारखे दिसत होते. दुकानदार म्हणाला, अंकल का सिर बड़ा होगा. मी म्हटलं, डोकं मोठं नाही, अकडू आहे.

२८ फेब्रुवारी

दुसरा मागवलेला आज पोचला. काळा, विनादिव्यांचा, चष्मेवाल्यांनी शिफारस केलेला. कानाच्या गाद्या कापडी, कारण मे महिन्यात बालाघाटमध्ये रेक्झिन कानाला लावणं ही शिक्षा आहे. माइक लांब दांडीवर. सगळ्यात महाग होता, हेही लिहून ठेवते, म्हणजे उद्या कोणी मला चिक्कू म्हणू नये.

घातला. ट्रक चालू केला. घरात शांतता.

भिंतीवरच्या घड्याळाला टिकटिक आहे, हे मी विसरले होते.

१ मार्च, रविवार

ताफा नीट. ब्रेक वेळेवर. दिनकर माइकमध्ये म्हणाले, "रामटेके, तुह्या टायरमध्ये हवा कमी दिसून राह्यली," आणि पलीकडे हशा पिकला असावा, कारण हे लाजल्यासारखे झाले. मला फक्त यांचीच बाजू ऐकू येते आता. साक्षीदार आहे, उलटतपासणी नाही.

४ मार्च

नेहमीचं चालू. दिनकर कॉम्प्युटरकडे तोंड करून, मी मागे कपड्यांच्या घड्या घालत. त्यांना ऐकू येईनासं झालं तेव्हापासून मी त्यांच्या पाठीशी बोलते. पोटात काही ठेवत नाही. पचनाला बरं. पाठ उत्तर देत नाही, तोंड वाकडं करत नाही. माझ्या ओळखीच्या कितीतरी नवऱ्यांपेक्षा ती पाठ समजूतदार आहे.

आज बोललेलं: कूलरची खस बदलली नाही. यांची बहीण लामत्याहून येते, दोन किलो वांगी आणते आणि एक साडी नेते. आणि जबलपूर. मला जबलपूरला बढती आली होती, वरच्या कोर्टात. मुक्ता लहान, यांना खाण सोडवेना. मी नकार लिहून दिला. टाइपही मीच केला, एक चूक नाही. इतक्या वर्षांत यांनी एकदा विचारलं नाही की तुला जायचं होतं का.

मग घड्या कपाटात ठेवल्या.

६ मार्च

कूलरला नवी खस. मी सांगितलं नव्हतं. म्हणजे समोर सांगितलं नव्हतं.

१० मार्च

बहिणीचा फोन आला. दिनकर तिला म्हणाले, "वांगे नको आणू. इथं मिळते." मी पोळी लाटायची थांबले.

११ मार्च

मुक्ताला फोन केला. सहज विचारलं, त्या हेडफोनमध्ये आणखी काय काय आहे गं?

"आई, बाहेरचं ऐकायचं बटन. बाबांनी पहल्याच दिवशी फोन करून विचारलं. म्हणे, तुझी आई मागून काहीतरी बोलत असते, मला कधी कळत नाही. मी फोनवरच सांगून फुल करायला लावलं."

मी सगळी पानं वाचली होती. तो मुद्दा सोडून पुढे गेले होते.

कोर्टात चोरून ऐकलेल्या गोष्टीला काही नियम असतात. इथे आरोपीने स्वतःच यंत्र निवडून, पैसे भरून, पार्सल फोडून, फिर्यादीच्या डोक्यावर चढवलं. आणि फिर्यादी पहिल्या दिवसापासून मुकाट्याने ट्रक चालवतो आहे.

१२ मार्च

बोलले नाही. घड्यासुद्धा दुसऱ्या खोलीत घातल्या.

१३ मार्च

तेच. दुपारी दिनकर हेडफोन घालूनच स्वयंपाकघरात आले. "काहून बोलत नाहीस?"

"तुम्हाला ऐकू येतं म्हणून."

खुर्चीवर बसले. बराच वेळ तांदळातले खडे निवडत बसले. नीट निवडता येत नाहीत यांना, चांगले दाणेही बाजूला टाकतात. मग म्हणाले, "जबलपूरचं मले माहीत नव्हतं."

"सांगितलं होतं."

"नाही सांगतलं. कागद आला म्हणाली, अन् भात वाढला."

मला आठवतं की सांगितलं होतं. यांना आठवतं की भात वाढला. साक्षीदार दोनच, आणि दोघंही पक्षकार.

१५ मार्च, रविवार

बिसेनांच्या नातवाचं बारसं. दिनकर हेडफोन घालून आले. माइकची दांडी तोंडासमोर तशीच, विमान उतरवायला निघाल्यासारखे. मी गेटपाशी म्हटलं, काढा. म्हणाले, "काढला का मले काही ऐकू येत नाही."

सगळे बघत होते. यांच्या वडिलांची शिटी त्यापुढे काहीच नाही. पण दिनकर कोपऱ्यात बसले नाहीत. पाळण्याजवळ गेले, नाव विचारलं, पुन्हा विचारलं नाही. बिसेन भाऊंशी धानाच्या भावावर वाद घातला आणि जिंकले. पंगतीत कोणीतरी म्हणालं, "काका, हे काय लावलं?"

"हेडफोन हाये. गेमचा."

परत येताना मी म्हटलं, मशीन लावायची लाज वाटते, आणि डोक्यावर हा नांगर घेऊन पंगतीत बसता. कानाचं यंत्र चण्याएवढं असतं. कोणाला दिसतही नाही.

थोडं चालल्यावर म्हणाले, "हे मशीन नाही." आणखी थोडं चालल्यावर, "चण्याएवढं?"

१६ मार्च

आज दुपारी चार्जिंग संपलं आणि लाइटही गेली. हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मी समोर उभी राहून दोनदा बोलले. यांनी हौ हौ केलं. मी विचारलं होतं की गॅस बुक केला का.

हे लिहून ठेवते, कारण काल पंगतीत मला वाटलं होतं की सुटलं.

१८ मार्च

गोंदियाच्या डॉक्टरांकडे शुक्रवारची वेळ घेतली. यांना सांगितलं. संध्याकाळी ट्रक उभा करून माझ्याकडे वळले.

"येतो. पण एक सांग. ते मशीन लावल्यावर तू मागून बोलशील का नाही?"

"मागून कशाला?"

"समोरून तू फक्त जेवाले बोलावतेस."

मी म्हटलं, समोरून बोलायला समोरच्याला ऐकू यावं लागतं. म्हणाले, "आता येते न."

भाजी करपते आहे म्हणून आत गेले. भाजी करपत नव्हती.

१९ मार्च

उद्या सकाळची गाडी. पोळ्यांचा डबा करायचा आहे. डॉक्टरांना दाखवायला यांची जुनी चिठ्ठी शोधली, त्यात चष्म्याचा नंबर सोडून काही नाही.

रामटेके स्टेशनवर घ्यायला येणार. फोनवर म्हणाले, "वहिनी, मानलं तुमाले. कसं काय तयार केलं?" मी म्हटलं, मी काही केलं नाही, फक्त बडबडले.

संध्याकाळी मी मागच्या खोलीत गेले. दिनकर पाठमोरे, हेडफोन घातलेला, ट्रक कुठल्यातरी पुलाच्या अलीकडे उभा. इंजिन चालू, जात नव्हता. मी दारातच थांबले. म्हटलं तर परत फिरता आलं असतं. पण त्या बटनाने माझ्या चपला ऐकल्या असणार.

वळले नाहीत. डावा हात टेबलावर ठेवला आणि बोटाच्या पेराने खाणीतली खूण ठोकली. एक. दोन. तीन.

मी कपड्यांची खुर्ची रिकामी केली, ओढत पुढे नेली आणि कॉम्प्युटरच्या बाजूला, यांच्या समोर येईल अशी ठेवली. बसले. जबलपूरपासून सुरू करावं की बहिणीच्या साड्यांपासून, हे ठरलेलं नव्हतं.