एकच विहीर, एकच गोटी

३ मे १९६२
आपल्या बापाला मत द्यायचं का? काही केल्या उत्तर सापडत नाही. फ्रीटाउनच्या कॉलेजात लोकशाहीवर एवढे निबंध खरडले, पण तिथे कुणाचाच बाप उमेदवार नव्हता! इंग्रज बोचकी बांधायला लागलेत, आणि बाबांना राजधानीत, बाथर्स्टच्या संसदेत, जाऊन बसायचंय.

त्यांची भाषणं मी लिहिते. आज विहिरीचं वचन खोडलं. त्यांनी परत घातलं. तीच विहीर परवा नदीपलीकडच्या गावाला देऊन झाली होती! "अगं सिरा, निवडून आल्यावर बघू कुणाला द्यायची ते."

६ मे
बाबांच्या विरुद्ध उभे आहेत त्यांचेच मामेभाऊ, फामारा काका. आते-मामे भावांनी एकमेकांना वाट्टेल ते बोलावं, रागवायचं नाही, ही आमची रीत. काकांनी भर सभेत ती पुरेपूर वापरली — "हा चवळीखाऊ तुम्हाला विहीर देणार? लहानपणी आमच्याच विहिरीत पडला होता. मी बाहेर काढला. चुकलंच माझं, माफ करा!" लोक लोळले. बाबांनाही हसावं लागलं.

एका बाईने काकांना विचारलं, तुम्ही काय देणार?

"आत्ता काहीच नाही. पैसे आहेत का विचारीन. नसले तर तसं येऊन सांगीन."

एकही टाळी नाही. मला मात्र ते वाक्य सोडत नाही.

११ मे
बायकांना मतदान शिकवलं. एकेकीला एक काचेची गोटी. दोन पिंपं, त्यांवर दोघांचे फोटो. गोटी टाकली की आत घंटा वाजते. दोनदा वाजली तर लबाडी! म्हणून केंद्राजवळ सायकलच्या घंटीलाही बंदी. नेमके बाबाच घंटी वाजवत आले — हाकललं.

"कुठल्या पिंपात टाकली, ते बाहेर कळत नाही?" आईने विचारलं.

"नाही."

"ह्यांनासुद्धा?"

"नाही, आई."

"अगं बाई!" मग बराच वेळ गोटी तळहातावर फिरवत बसली.

१८ मे
बाबांना सांगून टाकलं — विहीर ठेवणार असाल तर भाषण तुमचं तुम्ही लिहा.

"शेंगदाणे विकून तुला शिकवलं, ते ह्यासाठी?"

ह्यासाठीच, असं म्हणायचं होतं.

१९ मे
बाबा बोलत नाहीत. आंबे मात्र माझ्यासाठी कापून ठेवले होते.

२५ मे
आई माझ्याआधी आत गेली. बाहेर आली ती हसू दाबत.

मग मी. बाबांच्या फोटोकडे नीट पाहिलं, आणि गोटी काकांच्या पिंपात टाकली. टण्ण!

बाहेर झाडाखाली बाबा सगळ्यांना सांगत होते, "ऐकलंत? ही माझ्या सिराची!"