डोहातली नाव

चामोर्शीजवळचा घाट,
ता. ४ मार्च १९८४

सौ. कमला हिस,

अनेक आशीर्वाद. मी बरा आहे. धानोऱ्याला तू, तुझा भाऊ, वहिनी सगळे खुशाल असाल. इकडे वैनगंगा उतरली आहे, मोहफुलं गळायला लागलीत आणि माझ्या हातचं वरण अजून तसंच पातळ होतं.

कालपासून नाव ठेवणीला घालतोय. महिना-दोन महिन्यांसाठी नाही, दोन उन्हाळे निघतील अशी. बांबूचं छप्पर सोडवलं. चार वर्षं आपण तिच्यात संसार केला, पण सामान निघालं ते केवढं? चूल, तांदळाची पेटी, कंदील, आणि ज्याच्यासाठी तू माझं डोकं खाल्लंस तो चिमटा. फळीखाली होता. म्हणजे मी विकला नव्हता, हे आता तरी मान्य कर. मग सांध्यांत ताग ठोकला, राळ भरली, मोहाच्या बियांचं, टोळीचं तेल सगळीकडे चोळलं.

आज सकाळी दगड भरून ती नाल्याच्या डोहात बुडवली. पुराची धार तिथे शिरत नाही. शाळेवरचे नवे मास्तर पुण्याकडचे. ते काठावरून ओरडले, "अहो, नाव बुडतेय!"

माझ्याबरोबर दगड भरणारे पोचूभाऊ हसले. "बुडवूनच राह्यलो ना मास्तर. काठावर ठेवली त उन्हानं फाटते जी. पान्याखाली लाकूड मरत नाई."

दुपारभर मी तिथेच बसून होतो. गाळ बसला तसं खाली सगळं दिसायला लागलं. तू निजायचीस ती जागा, धुरानं काळी झालेली फळी. मासोळ्या घरच्यासारख्या आतबाहेर करत होत्या. ऊन हललं की नाव हलायची. मला वाटलं, आपण तिघं आतच आहोत आणि काठावर कोणी दुसराच माणूस बसलाय.

तिघं लिहून गेलं. आता पुढचंही लिहितो.

गेल्या पावसाळ्यात पोर तापानं फणफणली, तेव्हा तू म्हणालीस, "पल्याड घेऊन चला जी, तिथी डागदर हाये." मी म्हणालो, "नदी जाऊ देत नाई." दुसऱ्या दिवशी ती गेली. तू नदीला शिव्या देत माहेरी निघून गेलीस, आणि मी देऊ दिल्या.

खरं असं आहे की पूर ओसरत होता. त्याच संध्याकाळी पोचूभाऊ एवढ्याशा डोंग्यातून पार होऊन आले. मी घाबरलो होतो, कमला. बारा वर्षं नाव चालवलेला नावाडी मी, आणि वल्ह्याला हात लावायची हिंमत झाली नाही. नाव उलटली तर तुम्ही दोघी जाल, एवढंच डोळ्यांसमोर येत होतं.

पाण्यावर पुन्हा निजणार नाही, असं तू म्हणाली होतीस. म्हणून नाव ठेवली. मला तुझ्याजवळ राहायचं आहे. मोहफुलं वेचीन, धानाच्या बांधीत राबेन, पडेल ते करीन. पण हे लपवून आलो असतो तर तू वाढलेला घास माझ्या घशाखाली उतरला नसता.

बोलावलंस तर त्याच दिवशी निघतो. उत्तर आलं नाही तर तेच उत्तर समजेन. मला काय म्हणायचं ते म्हण, पण आता नदीला बोल लावू नकोस. तिनं वाट दिली होती.

केसरचा बाप,
हरिदास