दोरीचं दुसरं टोक

केरकेन्ना बेट,
गुरुवार, २८ ऑगस्ट

प्रिय लसाद,

सलाम आणि पुष्कळ आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझ्या आईचा गुडघा काम निघालं की दुखतो आणि लग्नाचं आमंत्रण आलं की बरा होतो. अंजिरं या वर्षी इतकी आली की बकऱ्यासुद्धा तोंड फिरवतात. शेळीला दोन करडं झाली. त्यातलं एक उंबऱ्यात आडवं उभं राहतं आणि कितीही हाकललं तरी हलत नाही. तुझ्या आईने त्याला माझं नाव ठेवलंय.

पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू आईशी अर्धा अर्धा तास बोलतोस आणि मी फोन हातात घेतला की तुझ्या बोटीवर लगेच काहीतरी काम निघतं. कागदाचं बरं असतं. तो फाडता येतो, पण फाडण्याआधी माणूस दोन ओळी वाचतोच. खमैसचा जावई पंधरा दिवसांनी सिसिलीला परत जाणार आहे. तो माझाराच्या धक्क्यावर येऊन तुझ्या हातात देईल.

आई स्वयंपाकघरातून ओरडतेय, "त्याला लिहा, त्याच्या वाटणीचा ऑक्टोपस वाळत घातलाय म्हणावं."

"लिहिलं."

"काही लिहिलं नाही. तुमचं पेन हललेलं दिसलं नाही मला."

आता लिहिलं. दोरीवर अजून वाळतोय. मांजर खाली बसून असते आणि मांजरीवर आईची नजर.

आता कामाचं. या महिनाअखेर बंद पाण्याची पाच वर्षं पुरी होतात. ते पाणी कसं बंद झालं ते तुला मी सांगायला नको. तळ खरवडणाऱ्या बोटींनी सगळं खाऊन टाकलं होतं. खजुरीच्या झावळ्यांच्या कुंपणाने मासे वळवून आपण ज्या कोंड्यांत धरतो, त्यांत शेवाळ आणि प्लॅस्टिक याशिवाय काही येत नव्हतं. तेव्हा आठ घरांनी आपापले समुद्रातले तुकडे एकत्र करून पाच वर्षं तिथे मासेमारी करायची नाही असं ठरवलं. सरकारने त्यावर नंतर शिक्का मारला आणि हद्द दाखवायला तरंगते बोये आणून टाकले. पण आधी होकार दिला तो आपण. आपला तुकडा बरोबर मधला. मी 'हो' म्हटलं नसतं तर सगळंच बारगळलं असतं.

मी 'हो' म्हटलं आणि तुला विचारलं नाही. तू अंगणात सगळ्यांच्या देखत म्हणालास, "बाबा, तुम्ही माझी भाकरी माशांना घातलीत." महिन्याभरात तू गेलास.

येत्या रविवारी त्या आठ घरांची बैठक आहे. पाणी पुढे बंद ठेवायचं तर आठही घरांचा होकार हवा. एकाने जरी 'उघडा' म्हटलं तरी ते उघडणार. मासे परत आलेत, लसाद. ओहोटीला बोयाजवळ उभं राहिलं तर बोय मासे पाण्याबाहेर उड्या मारताना दिसतात. माझ्या वडिलांच्या वेळी असे असायचे.

मी 'उघडा' म्हणणार आहे. आपला तुकडा मोकळा होईल. सप्टेंबरमध्ये झावळ्या रोवल्या की ऑक्टोबरला कोंडी भरायला लागेल. आई सांगत होती की तुझे तिकडचे कागद गेल्या वर्षी झाले, आता जाता-येता येतं. तेव्हा कुणाला वेळेवर यायचं असेल तर येता येईल. मी कुणाचं नाव घेत नाहीये.

मंगळवार, २ सप्टेंबर

वरचं पान मी फाडणार होतो. आई म्हणाली, "फाडू नका, त्याला दोन्ही कळू देत." म्हणून तसंच ठेवलंय. त्याच कागदाला जोडून पुढे लिहितो.

शनिवारी मी आपल्या तुकड्यावर गेलो होतो. एक झावळी बरोबर घेतली होती. म्हटलं, उद्या 'उघडा' म्हणायचंच आहे तर जागा बघून ठेवावी. ओहोटी होती, पाणी कमरेएवढं. जुन्या कुंपणाचे खुंट अजून उभे आहेत. पण त्या रेषेत पूर्वी आपण चिखलात टाच रुतवून खड्डा करायचो ना, तिथे आता गवत आलंय. गुडघ्यापर्यंत येतं. एका खुंटाला माकुलाची अंडी लगडली होती, काळ्या द्राक्षांसारखी. बोटभर लांबीची पिल्लं माझ्या पायांमधून अशी येजा करत होती जणू मीच तिथला जुना खांब आहे.

झावळी रोवायची तर टाचेने गवत उपटावं लागणार. मी टाच ठेवली. थोडा दाब दिला. मुळं ताणली गेल्याचं तळपायाला कळलं आणि मी पाय उचलला. मग स्वतःला समजावलं की पाणी गार आहे, आज नको. ऑगस्टमधलं पाणी किती गार असतं ते तुला माहीत आहेच.

रविवारी बंदराजवळच्या कॅफेच्या अंगणात सगळे जमले. खमैसचा तुकडा बोयांच्या बाहेर, कडेला लागून. त्याला मत नाही, तरी सगळ्यांच्या आधी येऊन पुढची खुर्ची त्याने पकडली होती. पाच वर्षांपूर्वी मला चार लोकांत वेडा म्हणणारा तोच. आता आतले मासे कडेवरून बाहेर येतात आणि त्याच्या कोंडीत पडतात, तेव्हापासून मी शहाणा झालोय.

"बंदच ठेवा," तो म्हणाला. "समुद्राचं भलं होतंय."

"समुद्राचं की तुझं?" जमालने विचारलं. जमालचा तुकडा आपल्या उजवीकडचा.

"मी काय समुद्राबाहेरचा आहे का?"

सगळे हसले. मग जमाल म्हणाला, "एक मोसम उघडू. पोरांना चार पैसे मिळतील. मग पुन्हा बंद करू." चार-पाच जणांनी माना डोलावल्या, पण 'उघडा' हा शब्द आधी कुणी उच्चारेना. सगळे माझ्याकडे बघत बसले. मधला तुकडा आपला.

शब्द माझ्या तोंडात तयार होता. मी उभा राहिलो. समोर जमाल बोटांवर हिशोब करत होता, किती झावळ्या लागतील याचा. मला आठवलं, मी स्वतः शनिवारी तोच हिशोब करत गेलो होतो. एकदा भरलेली कोंडी बघितली की आम्ही पुन्हा बंद करणाऱ्यातले नाही. जमाल नाही आणि मीही नाही. एका मोसमात ते गवत संपेल.

मी म्हटलं, "आमचा तुकडा बंद राहील." आणि खाली बसलो. जमालने हिशोबाची बोटं मिटून घेतली. मग म्हणाला, "तिजानीकाका, तुमचा तर पोरगा गेला यापायी. तुम्हीच असं म्हणताय तर मी काय बोलू?" त्यानेही होकार दिला. मग बाकीच्यांनी. आणखी पाच वर्षं.

तर लसाद, मी दुसऱ्यांदा तेच केलं. पहिल्यांदा तुला विचारलं नाही, कारण मला वाटलं की तुला काय कळतंय. या वेळी विचारलं नाही, कारण तू काय म्हणशील ते मला ठाऊक होतं. समुद्राच्या बाबतीत मी बरोबर आहे याची मला खात्री आहे. तुझ्या बाबतीत नाही. मला तू इथे हवा होतास. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, तुझ्या आईलाही नाही. तिला कळलंय, कारण बैठकीहून आल्यापासून ती मला मीठ न घातलेलं कालवण वाढतेय.

गुरुवार, ११ सप्टेंबर

जावई शनिवारी निघतोय. तोवर आणखी एक गंमत झाली ती लिहितो, म्हणजे पत्र निदान हसून तरी संपेल.

मबरूका तुला आठवते ना, हम्दाची बायको? हम्दा वारल्यापासून तिचा तुकडा नुसता पडून आहे. तो बोयांच्या बाहेर, अगदी चिकटून. ती गेल्या आठवड्यात दारात आली. म्हणाली, "तिजानीभाऊ, तुम्ही स्वतःचं पाणी बंद केलंत, आता माझ्या पाण्यात कुंपण घाला. निम्मे मासे माझे. आणि बारके मला नकोत, ते परत सोडा." मी तिथल्या तिथे कबूल झालो.

झावळ्या कापल्या आणि एकटाच गेलो. आता तुला माहीत आहे, एक माणूस दोरीच्या रेषेने झावळ्या रोवत पुढे जातो आणि दुसरा पलीकडच्या टोकाला दोरी ताणून धरून रेषेवर नजर ठेवतो. मी दोरीचं दुसरं टोक हम्दाच्या जुन्या खुंटाला बांधलं. खुंट आतून कुजला होता. ओहोटीची ओढ लागली तसा तो हळूहळू कलत गेला आणि दोरी वाकली. मी आपला मान खाली घालून दोरीच्या रेषेत रोवत राहिलो. दोन दिवस. सुबक काम झालं म्हणून स्वतःवर खूश होतो.

तिसऱ्या दिवशी ओहोटीला सगळे बघायला आले. मासे आले, कुंपणाच्या कडेने शिस्तीत पुढे गेले आणि जिथे कोंडीकडे वळायचं तिथे कुंपणच उलटं वळलेलं. त्याच्याबरोबर तेही वळले आणि थेट बोयांच्या आत, बंद पाण्यात निघून गेले.

खमैस कमरेवर हात ठेवून बघत होता. म्हणाला, "वा तिजानी! कळवळा असावा तर असा! हरवलेल्या माशांना घरपोच सोडतोस!"

किनाऱ्यावर मबरूका डोक्यावरची टोपली काढून त्यात तोंड लपवून हसत होती. मीही हसलो. अख्ख्या गावाला हे पुढच्या ईदपर्यंत पुरेल.

नंतर परत येताना खमैस म्हणाला, "उद्या मी येतो, टोक धरायला."

मी म्हटलं, "नको."

"मग कोण धरणार?"

मी दोरी गुंडाळत चालत राहिलो. माझं जाळं त्याने आपल्या खांद्यावर घेतलं आणि घरापर्यंत आणून दिलं.

वाकडं कुंपण मी उपटलंय. नव्या झावळ्या कापून भिजत घातल्यात. ऑक्टोबरचा वारा सुरू व्हायच्या आत त्या रोवल्या पाहिजेत. मबरूकाचं निम्मं गेलं तरी उरलेल्या निम्म्यात दोन माणसांचं नीट भागेल. माझारासारखा पगार नाही मिळणार. तुझ्या बोटीचं जाळं तिथे तळावरून काय काय ओढून आणतं ते मी विचारणार नाही. तू पोट भरतोयस.

आलास तर माझ्याशी बोलायलाच हवं असं नाही. त्या कामात तसंही कुणी बोलत नाही. मी पुढे रोवत जातो आणि मागे वळून बघत नाही. लहान होतास तेव्हा तू टोक धरायचास आणि मागून ओरडायचास, "डावीकडे बाबा! बाबा, डावीकडे!" मी मुद्दाम थोडं वाकडं जायचो, तू ओरडावंस म्हणून. तेवढं ओरडलास तरी मला पुरे.

आणि नाही आलास तरी वाळलेला ऑक्टोपस जावयाबरोबर पाठवतोय. आईने बांधून दिलाय.

दोरी या वेळी मी खुंटाला बांधलेली नाही.

पाण्यात तुझ्याकडे पाठ करून उभा असलेला,
बाबा