काच आतून गोठते

९ जानेवारी, गुरुवार

पुन्हा! पुढची काच आतून गोठलेली. बाहेरचा बर्फ मला कळतो. तो वरून पडतो, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण हा आतून! कुलूपबंद गाडीत! दवाखान्याच्या कार्डाने खरवडला, सगळा भुगा मांडीवर. कामावर सात मिनिटं उशीर. वृद्धाश्रमाच्या जेवणघरात म्हातारे रिकाम्या कपात चमचे वाजवत बसलेले, आणि संचालकबाई दारात. "राडोयका, बर्फ सगळ्यांच्याच गावात पडतो."

माझा नवरा मिलोयको असता तर म्हणाला असता, उद्या बघतो. आणि बघितलं नसतं. ऑक्टोबरात गेला — करवतीच्या गिरणीत उभ्या उभ्या, हृदय बंद पडून. गाडी, गाडीच्या कटकटी आणि स्वतःची आई, तिन्ही माझ्या गळ्यात टाकून मोकळा झाला.

१० जानेवारी

तळमजल्यावरच्या ओब्रादने अडवलं. याने चाळीस वर्षं ट्रक चालवला, आता खिडकीत बसून आमच्या गाड्या चालवतो.

"शेजारणी, तुझ्या गाडीत ओल आहे! तुझा श्वास, बुटांचा बर्फ, ओला कोट — सगळी वाफ आतच राहते आणि काचेवर गोठते. पायपुसणी घरी नेऊन वाळव. आतलीच हवा आत फिरवायचं बटण आहे ना, त्याला हात लावू नकोस. आणि गाडी लावलीस की दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेव. समोरासमोरच्या."

"समोरासमोरच्या?" मी दचकलेच.

"गाडीला मान नसते आखडायला."

आगाऊ माणूस. पण सांगितलं तसं सगळं केलं.

११ जानेवारी

खिडक्या बंद! दोन्ही! आणि काचेवर बर्फाची जाड साय.

म्हातारीचं काम. माझी सासू, स्तामेना, वय एकोणऐंशी, गुडघे दुखतात म्हणून पाव आणायला जात नाही — पण खिळ्यावरची किल्ली घेऊन तीन मजले उतरून काचा वर करायला गुडघे चालतात.

"प्रोमाया लागेल," म्हणे.

"कुणाला? गाडीला?"

"तो वारा सीटमध्ये शिरतो. सकाळी तू त्यावर बसणार. मूत्रपिंडं जातील तुझी."

आमच्या जिन्यात समोरासमोर दोन दारं उघडी राहिली तर किंकाळ्या ऐकू येतात. प्रोमायाला, त्या आरपार वाहणाऱ्या वाऱ्याला, इथे डॉक्टरसुद्धा भितात. मीही भिते, खोटं का बोलू. पण मला रस्ता दिसायला हवा!

१२ जानेवारी

मी उघडल्या. तिने बंद केल्या.

१३ जानेवारी

मी उघडल्या. तिने बंद केल्या. बोलणं बंद. सूप मात्र पिते माझ्या हातचं.

१५ जानेवारी

ओब्राद म्हणाला, मोज्यात मीठ भर, गाठ मार, काचेखाली ठेव, ओल ओढून घेईल. मिलोयकोचे लोकरी मोजे खणात पडून होते. दोन भरले. म्हातारीने बघितलं आणि कुणीतरी मारल्यासारखी ओरडली. "त्याचे मोजे!"

"मग काय तुमचे घेऊ?"

तीन महिने पडून आहेत ते मोजे. पाय नाहीत आता त्यांना. तोंडावर बोललेच मी हे. बोलायला नको होतं. बोलले.

१६ जानेवारी

मीठ दगडासारखं झालं. काच तशीच.

२० जानेवारी

आज वाचले. कार्डाने खरवडलेल्या पुस्तकाएवढ्या भोकातून बघत चालवत होते. पुलाच्या वळणावर एक बाई, हातात दुधाच्या दोन बरण्या. मला ती दिसली तेव्हा तिच्या डोक्याच्या रुमालावरची फुलंसुद्धा दिसली, इतकी जवळ! ब्रेक. बरण्या रस्त्यावर. बाईने माझ्या सात पिढ्या काढल्या, आणि बरोबरच केलं.

बारा मिनिटं उशीर. संचालकबाई म्हणाल्या, आणखी एकदा झालं तर दुसरी स्वयंपाकीण बघते. ही नोकरी गेली तर आम्ही दोघी काय खाणार? प्रोमाया?

घरी येऊन म्हातारीला सगळं सांगितलं. ती ऐकत होती की भिंतीकडे बघत होती, कळलं नाही. मग म्हणाली, "बावीस फेब्रुवारीला मृतांचा शनिवार आहे. मला मिलोयकोच्या थडग्यावर ने."

थडगं वर गावात, साठ किलोमीटर, सगळा चढ. "या काचेने? काच साफ झाली की बघू."

"तू नाहीच नेणार," म्हणाली. आठ वाजता नेहमीसारखी शाल गुंडाळून खालच्या मजल्यावरच्या कोसानाकडे मालिका बघायला गेली. मी झोपले. मला चारला उठायचं असतं.

२३ जानेवारी

माझ्या गाडीत कुणीतरी बसतं!

ॲशट्रे उघडली तर आत सिगारेट. मी ओढत नाही. जुनी म्हणावी तर तीन महिन्यांत पाच वेळा झटकली मी ती. आणि विचित्र म्हणजे कुणी ओढलेलीच नाही — नुसती ठेवून जळू दिलेली, राख अखंड, बोटाएवढी. मागच्या दाराचं कुलूप नावापुरतंच आहे. कुणी दारुडा रात्री आत घुसतो, घोरतो, आणि त्याचा श्वास मी सकाळी खरवडते! शिसारी आली.

ओब्राद म्हणाला, "मला तर कुणी परका दिसला नाही." चोवीस तास खिडकीत, आणि दिसला नाही!

२५ जानेवारी, शनिवार

आज सोक्षमोक्ष. सगळी गाडी आतून व्हिनेगरने धुतली. छत, दारं, पट्टे. मिलोयकोच्या सिगारेटी, डिझेल, लाकडाचा भुसा — बारा वर्षांचा वास त्या गाडीला. घासून काढला. सीटवरची मेंढीची कातडी ओल धरते म्हणून कचऱ्याच्या पेटीत टाकली. डिकीतलं त्याचं कामाचं जाकीटही. मग चारी दारं उघडी टाकून तीन तास वाळवली. भर दुपारी, सगळ्या इमारतीसमोर! प्रोमाया वाहू दे!

म्हातारी बाल्कनीत उभी होती. ओरडेल असं वाटलं. ओरडली नाही. मी वर आले तेव्हा तिथेच, कोटाशिवाय.

"आता लागत नाही वाटतं प्रोमाया?" मी म्हटलं.

२७ जानेवारी

काच कोरडी!!

२८ जानेवारी

कोरडी. सहाला पाच कमी असताना कामावर. संचालकबाईंनी घड्याळ बघितलं आणि गिळून टाकलं जे काय बोलायचं होतं ते.

३१ जानेवारी

पाचवा दिवस. खिडक्यांना कुणी हात लावत नाही. जिंकले! दारुडा व्हिनेगरला घाबरला आणि म्हातारी मला. ओब्राद सगळ्या इमारतीला सांगत सुटलाय, माझ्या सल्ल्याने झालं.

४ फेब्रुवारी

म्हातारी आताशा मालिकेलाही जात नाही. आठ वाजले की स्वयंपाकघरात बसते, दिवा न लावता. मला खिजवायला. विचारलं, कोसानाशी भांडलात का? शालीची कडा चोळत बसली. मृतांच्या शनिवारचंही पुन्हा बोलली नाही. काच साफ आहे, आता विचारा ना! पण नाही. मी आपणहून म्हणावं अशी इच्छा असेल. म्हणणार नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

पावाच्या दुकानात कोसाना भेटली. हातात प्रवासाची पिशवी. म्हटलं, माझ्या सासूने काय बिघडवलं तुझं, मालिकेला येत नाही ती?

"कुठली मालिका? अगं, मी नाताळाच्या आधीपासून चाचाकला, लेकीकडे. आत्ता बसमधून उतरतेय. घराला कुलूप होतं माझ्या."

पाव हातातच राहिला.

मग रोज आठ वाजता म्हातारी शाल गुंडाळून कुठे जायची?

गाडीपाशी गेले. आत बसले, तिच्या बाजूला — तो चालवायचा आणि ती शेजारी बसायची, मी मागे. ॲशट्रे उघडली. रिकामी, मीच घासलेली. आणि ती अखंड राख आठवली. थडग्यावर ठेवतो तशी! पेटवून ठेवायची, ओढत बसेल तो. तो गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी थडग्यावर मीच ठेवली होती की! माझ्या हाताने! आणि गाडीत तीच सिगारेट बघून मला दारुडा सुचला.

साठ किलोमीटरवरच्या थडग्यावर मी नेत नव्हते, म्हणून तिने इथेच केलं. त्याच्या शेजारी बसायची. बोलत असेल. रडत असेल. सगळी वाफ काचेवर. आणि खिडक्या वाऱ्यासाठी बंद करत नव्हती ती. त्याचा वास बाहेर जाऊ नये म्हणून करत होती. ओब्रादला परका दिसला नाही, कारण परकं कुणी नव्हतंच.

मी नाक लावलं. सीटला, पट्ट्याला, छताला. व्हिनेगर. सगळीकडे व्हिनेगर. माझाही नवरा होता तो! मला कुठे काही उरलं? एक कोपरा नाही सोडला मी.

कचऱ्याच्या पेटीत डोकावून आले. दोन आठवडे झाले. काय असणार तिथे.

९ फेब्रुवारी

तिच्याशी बोलता आलं नाही. सूप वाढलं. ती प्यायली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

काल आठ वाजता तिचे बूट तिच्यासमोर ठेवले, खिळ्यावरची किल्ली काढली आणि त्याच्या ब्रँडचं एक पाकीट तिच्या मांडीवर ठेवलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग उठली, आणि दोघी खाली उतरलो. खिडक्या मीच वर केल्या, घट्ट. बावीसला नेते म्हटलं. आज सकाळी साडेतीनला उठले, खरवडायला वेळ हवा म्हणून. काच आतून गोठलेली. तिच्या बाजूला, आणि माझ्याही.